कृपा भिंगारदिवे आणि काविळीची वेबसाइट

सावेडीत माझ्या कर सल्लागाराच्या कार्यालयाला लागून एक चिंचोळी खोली होती. अठ्ठ्याण्णव साली ती कृपा भिंगारदिवे हिने भाड्याने घेतली. आत एक संगणक, एक मोडेम, दोन खुर्च्या आणि दारावर पाटी : 'वेबसाइट तयार करून मिळेल'. नगरमध्ये त्या वेळी लोक ही पाटी वाचत, आत येत आणि झेरॉक्स आहे का, असे विचारत.

कृपाचे वडील ती लहान असतानाच वारले. आई मार्थाबाई एका मिशन दवाखान्यात नर्स. आईची ड्यूटी असली की मुलगी वॉर्डाबाहेरच्या बाकावर अभ्यास करीत बसायची. बी. कॉम. झाल्यावर तिने पुण्याला संगणकाचा अभ्यासक्रम केला. तिथे नोकरी मिळत होती, पण आईला एकटे ठेवायचे नव्हते म्हणून परत आली.

तिची काम करण्याची पद्धत मला पहिल्यापासून आवडली. इतर लोक वेबसाइटवर फडफडणारे झेंडे आणि लुकलुकणारी अक्षरे टाकीत. कृपा आधी एकच प्रश्न विचारी : "तुमचं गिऱ्हाईक संगणकापुढे बसलं की काय टाइप करेल?"

कोपरगावचा एक पंपवाला म्हणाला, "माझं नाव, दुसरं काय?"

"तुमचं नाव त्याला माहीत असतं, तर तो शोधायला बसला असता का?"

मग ती त्याच्या दुकानात जाऊन बसली. गिऱ्हाईक कोणत्या शब्दांत काय मागते, हे ऐकून तेच शब्द तिने पानाच्या मथळ्यात, पहिल्या वाक्यात आणि पानामागच्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या ओळींत घातले. चित्रे लहान ठेवली, कारण टेलिफोनच्या तारेतून मोठे चित्र उतरेपर्यंत माणूस उठून जातो. फोन नंबर सगळ्यांत वर. पान तयार झाले की एकेका सर्च इंजिनात जाऊन ती हाताने त्याची नोंद करी. पंपवाल्याला गुजरातेतून चौकशी आली. शिर्डीच्या एका लॉजवर मद्रासकडचे भाविक थेट नाव विचारीत आले. काम वाढू लागले.

त्यातच सोनईकडचा गोरक्ष आला. त्याचे वडील सहादेवबुवा दर गुरुवारी काविळीवर झाडपाल्याचे औषध देत. पैसे घेत नसत. गोरक्षने मात्र वस्तीवर येणाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या, शेजारी चहा-जेवणाची सोय केली होती. गिऱ्हाईक लांबून यावे, असे त्याला वाटत होते.

कृपा नेहमीप्रमाणे वस्तीवर जाऊन बसली. बुवांची रीत तिने नंतर मला सांगितली. औषध देण्याआधी ते रोग्याला उन्हात बसवीत, डोळे आणि नखे पाहत, त्याला त्याचे नाव-गाव विचारीत. बोलताना तो अडखळला, किंवा बाई गरोदर असली, की हातातली वाटी खाली ठेवीत आणि म्हणत, "हिला दवाखान्यात न्या. माझ्याकडं हिचं औशद न्हाई." आसपासच्या गावांना हे ठाऊक होते. रोग्याला आणताना लोक टेम्पो सोडून देत नसत. बुवांनी माघारी धाडले, तर तिथूनच नगर गाठायचे.

"बुवा कोणाला औषध देत नाहीत, हेही पानावर लिहू," कृपाने सुचवले.

गोरक्ष हसला. "ताई, आमच्याकडं काय मिळत न्हाई, ह्ये दुकानाच्या पाटीवर कुनी लिवतं का?"

तिने थोडा आग्रह धरला. मग तिला वाटले, कोणीही आला तरी शेवटी बुवांपुढेच बसणार आणि बुवा पाहणारच. तिने ते वाक्य सोडून दिले. बरे झालेल्यांचे अनुभव, यायचा रस्ता, एसटीच्या वेळा असे सगळे इंग्रजीत नीट मांडले. तळाला बारीक अक्षरांत, नेहमीसारखे, स्वतःचे नाव टाकले. काम संपल्यावर पासवर्ड मालकाच्या हवाली करायचा हा तिचा नियम होता, तसा तो गोरक्षच्या हवाली केला.

पान चांगलेच चालले. काविळीचे इंग्रजी नाव आणि औषध हे दोन शब्द टाकले की ते सर्वांत वर येई. इंदूर, रायपूर, हैदराबाद इथून माणसे येऊ लागली. कृपा तोवर दुसऱ्या कामांत गुंतली होती. मधल्या काळात गोरक्षने सोनईत कोणाकडून तरी पानावर एक ओळ वाढवून घेतली : औषध कुरिअरने मिळेल. ती तिने पाहिलीच नव्हती.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत एक तरुण तिच्या खोलीत आला. इंदूरचा मराठी माणूस. मी तिथेच चहा घेत होतो.

"कृपा भिंगारदिवे आपणच का?"

"हो. बसा ना."

तो बसला नाही. त्याने छापलेला कागद तिच्यापुढे ठेवला. "हे आपण लिहिलंय?"

तिने कागद वाचला. "वरचं माझं आहे. कुरिअरचं नाही. हे कधी आलं?"

"माझ्या बहिणीला सातवा महिना होता. डॉक्टर म्हणाले, भरती करा. मी म्हटलं, आधी हे बघू. मीच शोधलं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. पहिलंच आलं, म्हणून वाटलं, खात्रीचं असेल." तो एका सुरात बोलत होता. "पुड्या आल्या. दोन दिल्या. तिसरीच्या वेळी ती शुद्धीवर नव्हती. त्यातच गेली."

कृपाने कागद पुन्हा वाचायला घेतला.

"मी भांडायला निघालो होतो. वाटेत ते संपलं. एवढंच करा, हे काढून टाका. आत्ता या क्षणी कुणीतरी शोधत बसलं असेल."

"काढते," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने लगेच मोडेम लावला. गोरक्षने पासवर्ड बदललेला होता. ज्या पुण्याच्या कंपनीकडे पान ठेवले होते, तिने मालकाचे पत्र मागितले. पोलिसांकडे गेलो, तर साहेबांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "हे पान नेमकं कुठल्या हद्दीत येतं?" त्यांच्या परीने तो प्रश्न रास्तच होता. आम्ही उठून बाहेर आलो.

मग कृपा, मार्थाबाई आणि मी वस्तीवर गेलो. बुवा ओट्यावर बसले होते. दृष्टी अधू झाली होती, पण आवाज खणखणीत होता. मार्थाबाईंनी घडलेले सांगितले.

"कोनची बाई?" बुवांनी विचारले. "मी बघितली व्हती का तिला?"

"नाही बुवा. ती इंदूरलाच होती."

"मंग औशद कुनी दिलं?"

गोरक्ष दारात उभा होता. तो म्हणाला, "दादा, पुडी हितनं गेली. लोकं लांबून फोन करत्यात, येनं जमत न्हाई त्यांना."

"मला म्हनला व्हता, आधी येऊन गेलेल्यांना धाडतो."

"तसंच हुतं आधी."

बुवा चाचपडत उठले. "गुरवारी कुनी आलं तर सांगा, म्हातारा औशद द्यायचा बंद झाला," ते म्हणाले आणि आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

कृपाने गोरक्षला हात जोडले. "भाऊ, ते पान काढा. निदान कुरिअरची ओळ तरी काढा."

"दवाखान्यात मानसं मरत न्हाईत का? तवा कुनी दवाखान्याची पाटी उतरवितं का?" मग मार्थाबाईंकडे वळून म्हणाला, "तुमीच सांगा, बाई. तुमच्या वार्डात समदी बरी हूनच जात्यात व्हय?"

"नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "पण आम्ही बघितल्याशिवाय देत नाही."

"पाला मला बी वळखता येतो. म्हातारं बसलं म्हून धंदा बसत न्हाई."

परतताना एसटीत कृपा खिडकीकडे तोंड करून बसली होती. घोडेगाव मागे पडल्यावर म्हणाली, "काका, पान काढता येत नसेल, तर त्याच्यावर दुसरं चढवता येईल."

त्यानंतरचे तिचे काम मी रोज पाहत होतो. मार्थाबाई ड्यूटी संपवून येत आणि सांगत, कृपा लिही. काविळीत कोणत्या खुणा दिसल्या की क्षणभरही थांबू नये. गरोदर बाईला घरी का ठेवू नये. न पाहता दिलेले, पोस्टाने आलेले औषध का घेऊ नये. बुवांचे किंवा वस्तीचे नाव तिने कुठेही घातले नाही. शोधणारा जे शब्द टाकतो तेच मात्र तिने घातले, आणि त्यांत 'औषध' हा शब्द पहिला. वर आपल्या खोलीचा फोन नंबर दिला. पुण्यातले जुने सहाध्यायी, एक डॉक्टर, एक कॉलेज अशांना पत्रे लिहून त्यांच्या पानांवरून आपल्या पानाकडे यायचा दुवा टाकून घेतला. रोज संध्याकाळी ती तेच दोन शब्द टाकून पाही. आठवडेच्या आठवडे गोरक्षचे पान वर, तिचे कुठे पाचव्या-सहाव्या पडद्यावर.

ही हकीकत गावात पसरली. पंपवाला आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, उद्या आमच्याशी बिनसलं, तर आमच्याही डोक्यावर असंच पान बसवाल." शिर्डीच्या लॉजवाल्याने फोन घेणे सोडले. नवीन कोणी आलेच नाही. मार्थाबाईंनी एकदाच विचारले, "पुढं कसं?" कृपा म्हणाली, "हे वर जाऊ दे, मग बघू."

ऑक्टोबरात ते वर गेले. तिचे पहिले, गोरक्षचे दुसरे. ती मला बोलवायला आली. मी पडद्यावर पाहिले आणि अभिनंदन केले. तिने नुसती मान हलवली.

फोन सुरू झाले. पहिलाच नागपूरचा होता. तिने ध्वनिक्षेपकाचे बटण दाबले, म्हणून मलाही ऐकू आले.

"तुमच्या पानावर सगळं वाचलं हो मॅडम. पण औषध कुठं मिळते, ते लिहिलंच नाही तुम्ही."

"औषध दवाखान्यात मिळेल. कोणाला झाली आहे?"

"बायकोला. दवाखान्याचं मला माहीत आहे. त्यासाठी मी फोन कशाला करतो? पत्ता द्या ना."

"दिवस गेलेत का त्यांना?"

"त्याचा काय संबंध?" आणि थोड्या वेळाने, "हो."

कृपा बोलत राहिली. पलीकडचा माणूस 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला. तो दवाखान्यात गेला, की खालच्या पानावर गेला, हे आम्हाला कळले नाही. पुढचेही फोन असेच. काही ऐकून घेत, काही चिडत, एकाने तर किंमत वाढवण्यासाठी नाटक करता का, असे विचारले. पानातून 'औषध' हा शब्द काढला, तर औषध शोधणाऱ्याला ते दिसणार नव्हते. ठेवला, तर तो औषधच मागणार होता. तिने शब्द ठेवला आणि फोन घेत राहिली.

डिसेंबरात खोलीचे भाडे परवडेना. तिने एका दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर नोकरी धरली. फोन घरी हलवायचा, नंबर मात्र तोच ठेवायचा, यासाठी टेलिफोन खात्यात तिने खेटे घातले. काही वेळा मीही बरोबर गेलो. तोच नंबर मिळाला, पण लाइन हलवायला खात्याने बरेच दिवस लावले. त्या दिवसांत पान सर्वांत वरच होते, नंबर वरच होता आणि तो लावणाऱ्याला नुसती घंटा ऐकू येत होती. तिने मधल्या काळापुरता माझा नंबर टाकला; पण सर्च इंजिने जुनेच पान दाखवत होती आणि छापून घेतलेले कागद कोणाकोणाच्या घरी होते, देव जाणे. माझ्याकडे एकही फोन आला नाही.

लाइनमन अखेर आला. मार्थाबाई ड्यूटीवर होत्या, घरी कृपा आणि मी. त्याने भिंतीत तार ओवली, डबी बसवली.

"दादा, मधल्या दिवसांत कोणी कोणी फोन केले, ते तुमच्याकडे कळेल का?" तिने विचारले.

"उचललेल्या फोनची नोंद ऱ्हाती, ताई. न्हाई उचलला, त्याची कशी ऱ्हाईल?"

"तरी पण."

"काय म्हत्त्वाचा हुता का?"

तिने समोरची खिडकी उघडली. तो बाहेर जाऊन खांबावर चढला आणि तिथून नंबर लावून पाहिला. घरात घंटा वाजली. कृपाने रिसीव्हर उचलला. समोरच्या खिडकीतून खांबावरचा तो माणूस आम्हा दोघांनाही दिसत होता. तरी ती म्हणाली, "बोला. रुग्ण कोण आहे?"