उंबऱ्यावरून आलेला वारा

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. चौथीपर्यंत शिकले, तेही हिंदी शाळेत. मराठी फक्त घरातलं. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी लाज वाटते.

झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या दोन खोल्यांत मी चारोळी फोडते. सदर बाजारचे सेठजी गुठल्या, म्हणजे चारोळीच्या कवचासकट बिया, देतात. त्या भिजवून, चोळून, वाळवून जात्यावर घालायच्या. जात्याच्या मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून वरचा दगड जरा उचलला, की कवच फुटतं आणि दाणा अख्खा राहतो. चिंधी कमी पडली तर सगळा चुरा.

लेक दूरच्या शहरात पीएचडी करत होती. सुट्टीत आली तेव्हा जात्याशी बसून म्हणाली, "आई, माझंही हेच काम. रेणूत दोन सांधे आहेत, एक कच्चा, एक पक्का. तापवलं की कच्चाच सुटतो. मला पक्का सोडवायचाय, कच्चा तसाच राहायला हवा."

"मग तू चिंधी कशाची लावतेस?"

"उजेडाची," म्हणून ती हसली. लेझरच्या उजेडाचे ठोके ती रेणूला देई. पापणी लवेपर्यंत अब्जावधी मावतील इतके लहान. एकेका ठोक्यातला चढउतार संगणक बदलून बघे, जमलेला ठेवी, बाकीचे टाकी.

मग हसू मावळलं. "सकाळी सापडलेला ठोका दुपारी चालतच नाही. दोन वर्षं झाली. लेझर तपासला, वीज तपासली. सर म्हणतात, या रेणूत होणार नाही, सोडून दे."

तिची शिष्यवृत्तीही संपत आली होती. अजून सहा महिने राहायचे तर पैसे हवे होते. मी सेठजींकडे गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत दुकानाबाहेर कडेला उभी राहिले, मग विचारलं.

"भाभीजी, लड़की को पढ़ा रही हो कि बूढ़ा कर रही हो?" दुकानातले सगळे हसले.

"छह महीने और, भैया," एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी तीस हजार दिले. दर आठवड्याला मजुरीतले अर्धे कापायचे ठरले.

चौथ्या महिन्यात तिने मला चार दिवस बोलावलं. सकाळी प्रयोगशाळेत घेऊन गेली. "आई, आत ये." पण आत सगळी शिकलेली मुलं, मेजभर आरसे. माझा धीर झाला नाही. खांद्याने दार उघडं धरून उंबऱ्यातच उभी राहिले. घरी सासूबाई उंबऱ्यात उभं राहिलं की ओरडायच्या, तेही आठवलं.

संगणकाच्या पडद्यावरची रेघ वर चढत होती, म्हणजे ठोका जमत होता. अर्ध्या तासाने ती घसरली.

"झालं परत!" तिने घड्याळ बघितलं. "पण अजून दुपार कुठे झालीय?" मग माझ्याकडे वळली. "आई, तू कधीपासून तिथे उभी आहेस?"

मी घाबरले. "मघापासून. तुमच्यात लुडबूड नको म्हणून."

"आत ये. आणि दार लाव."

मी दार लावलं. तिने आरसे पुन्हा जुळवले, आणि नंतर तासभर रेघ घसरली नाही. बाहेरचा गरम वारा आत आला की आरसे केसभर सरकतात, ठोका बदलतो आणि संगणक भलत्याच वाटेला लागतो, असं तिने सांगितलं. दुपारच्या चहाला ये-जा होई म्हणून ही मुलं रोज दाराला स्टूल लावून ते उघडं ठेवत.

"मावशी, दोन वर्षांचा चोर तुम्ही पकडलात," एक मुलगा म्हणाला. मी पदर सावरत बसले.

दाराला जाड पडदा लागला, स्टूल गेलं. मी झाशीला परतल्यावर तीन आठवड्यांनी फोन आला. "आई, पक्का सांधा सुटला! सगळ्या रेणूंत नाही, पण कच्च्यापेक्षा जास्त वेळा."

मी जातं थांबवलं आणि तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

तिचं काम सहा महिन्यांत पुरं झालं, पुढे नोकरी लागली. पहिल्या पगारातून सेठजींचे सगळे पैसे फेडते म्हणाली. मी ऐकलं नाही. शेवटी निम्मे तिने दिले, निम्मे माझ्या जात्याने.

दिवाळीच्या आधी मी फेडीतली शेवटची थैली घेऊन गेले. दुकानात गर्दी होती, तरी या वेळी आत जाऊन स्टुलावर बसले. सेठजींनी थैली तोलली, वहीतल्या माझ्या कर्जावर रेघ मारली आणि फिटून वर उरलेले ऐंशी रुपये गल्ल्यातून काढून माझ्या हातावर ठेवले.

"भाभीजी, अब तो हमारी तरफ़ आपका निकलता है."