बाईंचा बेडूक

एका ऑफिसात बरीच वर्षं काढली की फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फायलींना निदान वाळवी तरी लागते!

आमचं कृषी कार्यालय चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काळ ऐंशीनंतरचा. घरी पाहुणे आले की मी हे किस्से सांगायचो आणि शेवट जवळ आला की बायको मधेच तो सांगून टाकायची. ती शाळेत शिक्षिका. दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करायची सवयच. आता मधे बोलणारं कोणी नाही. तेव्हा शेवट फसले, तर ते माझेच समजावेत.

* * *

पहिला किस्सा आमचे शिपाई वामनभाऊ यांचा.

एका पावसाळ्यात एक एजंट जीप घेऊन आला. म्हणाला, "बेडूक विकत घेतो. जिवंत आणि मोठे." त्यांच्या तंगड्या बर्फात घालून परदेशी जाणार होत्या. तिकडचे लोक त्या लोण्यात परतून खातात म्हणे!

वामनभाऊंनी विचारलं, "काऊन जी, त्याइच्या देशात बेडूक नाई का?"

"आहेत ना. पण तिकडं ते पकडायला बंदी आहे. पर्यावरण!"

वामनभाऊ विडी विझवत म्हणाले, "म्हणजे कायदा त्याइचा, अन् बेडूक आपले!"

* * *

या एजंटाचा डोळा होता आमच्या बोडीवर. बोडी म्हणजे शेताच्या वर बांध घालून केलेलं छोटं तळं. माझ्या सासऱ्यांनी ती स्वतः खोदली आणि खालच्या धानाच्या बांध्यांसह, म्हणजे खाचरांसह, मुलीच्या नावे केली. संध्याकाळी तिथले बेडूक ओरडायला लागले की आमच्या अंगणात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. एजंट तीनदा विचारायला आला. बायको म्हणाली, "ते माझ्या धानाची राखण करतात. राखणदार कोणी विकतं का?"

एजंट म्हणाला, "बाई, एवढे राखणदार कशाला लागतात?"

"चोर वाढले आहेत ना गावात!"

* * *

मधेच एकदा एजंटाचा माल परदेशातून परत आला. तिथल्या तपासणीत जंतू निघाले होते. झालं! नवा नियम आला. बेडूक आधी स्वच्छ पाण्यानं, तेही जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकून, धुवायचे. एजंटानं आपल्या गोदामातल्या हातपंपाजवळ पिंप मांडलं आणि बेडकांच्या आंघोळी सुरू झाल्या.

त्या दिवसांत गावाच्या विहिरीचं पाणी चहासारखं गढूळ होतं आणि ग्रामपंचायतीकडची पावडर कधीच संपलेली. म्हाताऱ्या सगुणाबाई रिकामा गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन आल्या. पिंपात वाकून बघितलं आणि अदबीनं विचारलं, "भाऊ, बेडकाईचं न्हाणं झालं का? उरलं असन त एक गुंड आमाले द्या जी!"

* * *

आता साहेब. साहेब पुण्याकडून नवेच बदलून आलेले. शेतात आमचा दिव्याचा सापळा असे. वर दिवा, खाली पाण्याचं पसरट घमेलं. दिव्याकडे आलेले किडे पाण्यात पडत. सकाळी ते मोजायचे आणि आकडा चंद्रपूरला कळवायचा. आमचा आकडा जिल्ह्यात सगळ्यात कमी! मीटिंगमध्ये साहेबांचं कौतुक व्हायचं.

मग एजंटासाठी बेडूक पकडणाऱ्यांना शोध लागला, की या सरकारी दिव्याखाली बेडूक आयतेच मिळतात. पंधरवड्यात तिथे एक बेडूक उरला नाही. आणि आमचा आकडा असा काही चढला, की चंद्रपूरहून खुलासा मागवला गेला.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. "अचानक इतके किडे आले कुठून?"

वामनभाऊ म्हणाले, "आले नाई साहेब, होतेच. पह्यले बेडूक घमेल्यात बसून खाऊन टाकत. आपण मोजाले जावो तवा उरलेसुरले राहत."

"हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं? मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमची शाबासकी चालू होती ना, साहेब!"

* * *

गडचिरोलीला भाचीच्या लग्नाला आम्ही दोन दिवस गेलो होतो. परत आलो तर अंगण शांत. बायको चप्पल न काढता तशीच बोडीवर गेली. कोणी तरी जाळी मारून सगळे बेडूक नेले होते. बांधाच्या दगडाखाली एकच म्हातारा, मोठा बेडूक उरला होता.

थोड्याच दिवसांत तिच्या धानावर तुडतुडे दिसू लागले. साहेबांनी औषध पाठवलं. डब्यावर परदेशी कंपनीचं नाव होतं. देश तोच, जिथे तंगड्या जात होत्या.

वामनभाऊ डबा फिरवून बघत म्हणाले, "घ्या! तंगडी गेली, डबा आला!"

तिनं डबा उघडलाच नाही. त्या बांध्यांतून वाहणारं पाणी पुढे गावाची गुरं पीत. "मला औषध नको," ती म्हणाली. "माझे बेडूक पाहिजेत."



* * *

पुढे काही वर्षांनी दिल्लीहून बंदी आली. बेडूक परदेशी पाठवणं बंद. पाठोपाठ ऑफिसात एक पोस्टर आलं. त्यावर हसरा बेडूक आणि खाली 'शेतकऱ्याचा मित्र'. वामनभाऊंनी ते भिंतीवर ठोकलं, दोन पावलं मागे येऊन बघितलं आणि म्हणाले, "गेल्यावरच फोटो लागते माणसाचा."

तेव्हा मी खूप हसलो होतो.

* * *

पण बंदीच्या आधीचा, त्या तुडतुड्यांच्याच वर्षीचा एक किस्सा राहिला. तो तिचा.

पावसानं ऐन भरात दडी मारली. गावानं धोंडी काढायचं ठरवलं. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधायचा, त्यात जिवंत बेडूक बसवायचा, दारोदार फिरायचं आणि प्रत्येक घरच्या बाईनं त्यावर पाणी ओतायचं. सगळी तयारी झाली आणि लक्षात आलं, गावात बेडूकच नाही!

वामनभाऊ आमच्या दारात आले. "बाई, तुमचा तेवढा द्या."

आमच्या घरानं असल्या गोष्टी छप्पन सालीच, धम्मदीक्षेबरोबर सोडलेल्या. मला वाटलं, ही आता भाषण देणार. ती म्हणाली, "नेता त न्या. पाऊस येवो की न येवो, मले माझा बेडूक दिवस बुडाच्या आत परत पाह्यजे. तोच!"

"तोच आणतो, बाई."

धोंडी निघाली. शेवटच्या घरी कोणीतरी उत्साहानं अख्खी बादली ओतली. पाला सुटला आणि बेडूक जो उडाला, तो पुन्हा दिसला नाही. वामनभाऊ घाबरले. गुपचूप एजंटाच्या गोदामात गेले, बाहेरगावच्या मालाच्या ओल्या पोत्यातून तसाच एक मोठा बेडूक मागून आणला आणि दिवस बुडता बुडता आमच्या दारात हजर झाले.

"घ्या बाई, तुमचा बेडूक."

तिनं चष्मा लावला. बेडूक पुढून पाहिला, मागून पाहिला.

"वामनभाऊ, हा माझा नाई."

वामनभाऊंचा चेहरा पडला. "मंग आता, बाई?"

"आणलाच आहे त सोडा बोडीत. अन् माझा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ते गोदामातून नवा बेडूक घेऊन आले. तिनं चष्मा लावला. "हाही नाई. सोडा बोडीत."

तिसऱ्या दिवशी शपथेवर बोलले की हाच तो. तोही बोडीत गेला.

धान निसवेपर्यंत, म्हणजे लोंब्या बाहेर पडेपर्यंत, वामनभाऊ रोज येत राहिले. आमच्या अंगणात पुन्हा एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. शेवटच्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांत दोन बेडूक धरले होते, आणि गलक्यावर आवाज चढवून विचारलं, "बाई, यातला कोनता?"

तिनं चष्मा पुसला, दोन्ही बेडूक नीट पाहिले आणि तेवढ्याच मोठ्यानं ओरडून सांगितलं, "जवळ आलात, वामनभाऊ! उद्या एकदा बघा!"