हजेरीपटावरची अकरा नावं

गुरुपादप्पा सत्तावन्न साली आमदार झाले तेव्हा औशाकडच्या त्यांच्या हळदवाडीला रस्ता नव्हता. बासष्टला पडले तेव्हाही नव्हता. पाच वर्षांत त्यांनी सभागृहात सत्तेचाळीस लेखी प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं आली. त्यामुळे, कागदावर विचारलं की सरकार सुधारतं, असा त्यांचा समज पक्का झाला.

बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याचं काम अखेर निघालं. अख्खं गाव खडी फोडायला बसलं. गुरुपादप्पा रोज उन्हात उभे राहून हजेरीपट वाचत. त्यात हातोडी उचलू न शकणाऱ्या माणसांची अकरा नावं होती. बौद्धवाड्यातल्या धुरपताबाईला तर दिसतही नव्हतं. तिच्या वाटची खडी शेजारणी फोडत. मजुरी आणि कामावर खायला मिळणारी सुकडी तिच्या घरी पोचवत. हे गावानंच ठरवलेलं, मुकादमालाही ठाऊक होतं. गुरुपादप्पांच्या बायकोनं, मल्लम्मानं, त्यांना समजावून पाहिलं. त्यांचं म्हणणं एकच, खोटी हजेरी ती खोटी.

त्यांनी ती अकरा नावं लिहून वर अर्ज धाडला. चौकशी लागली आणि ती संपेपर्यंत काम बंद झालं. सात आठवडे लोक आठ मैलांवरच्या तलावाच्या कामावर चालत गेले. त्या अकरा जणांना तेवढं चालवेना. त्यातले तिघे त्याच उन्हाळ्यात वारले.

गावानं भांडण काढलं नाही. गुरुपादप्पा पारावर आले की बोलणं थांबायचं, एवढंच. दहा वर्षं थांबलं.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. जुन्या आमदारांचे सत्कार झाले, गुरुपादप्पांनाही शाल मिळाली. घरी न जाता ती घेऊन ते धुरपताबाईच्या दारात गेले. तिनं घेतली तर गाव पुन्हा बोलेल, असा त्यांचा हिशेब.

"कोन, अप्पा व्हय?"

"हाव. शाल आणली तुला."

तिनं बोटांनी काठ चाचपला. "चांगली हाय. अंगठा कुठं लावू? न्हाईतर उद्या लिवताल, आंधळी म्हातारी फुकटची शाल घिऊन बसली."

गुरुपादप्पा म्हणाले, चुकलं माझं.

"मला नगा सांगू. मी तर जित्ती हाय. माझ्या भावाला सांगायचं हुतं, भीमाला."

तिनं शाल घडी करून उंबऱ्यावर ठेवली.

अर्जात भीमाचं नाव सातवं होतं, हे गुरुपादप्पांना लगेच आठवलं. चेहरा काही केल्या आठवेना.