चंद्रभागाबाईचा डबा

विंचूरच्या चंद्रभागाबाईच्या कांदाचाळीमागं यान उतरलं, तेव्हा म्हातारीनं पाहुण्यांना लगेच ओळखलं. मागासलेली पृथ्वी तपासायला हे तिघे परग्रहवासी गेल्या उन्हाळ्यातही आले होते. जाताना तिनं डबाभर कुरडया बांधून दिल्या होत्या. एरवी तिच्याकडं कुणी फिरकत नसे.

आता त्यांनी तोच डबा घासूनपुसून पुढं केला. झाकण उघडताच तिचा पारा चढला.

"रिकामा डबा कोणी परत देतं का? चिमूटभर साखर तरी टाकायची. लय मागासलेले रे तुम्ही."

तिघांनी आपल्या सहाही माना खाली घातल्या. म्हातारीनं डबा पुन्हा गच्च भरून त्यांच्या हाती दिला.

यान उडाल्यावर शेजारच्या निकितानं विचारलं, "आजी, परत येतील का गं ते?"

"येतील की. डबा माझा हाय."