घाट उतरण्याआधी

चाकाजवळ उकिडवा बसून तो उलटा तळहात ब्रेकच्या ड्रमपाशी धरायचा, तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग म्हणायचा, "जरा दम खाऊ द्या, शेठ."

तेव्हा पिंपरीत माझा एकच ट्रक होता, हमाली करून उभा केलेला. त्यावर हा म्हातारा ड्रायव्हर. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. असे संशयी ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. गाडी थांबली की चाकाला दगड लावल्याशिवाय हा चहा प्यायचा नाही.

"अहो चाचा, जमीन सपाट आहे!" मी ओरडायचो.

"हाय की. पन गाडीला कुठं ठावं?"

उतारावर इतर ड्रायव्हर गिअर काढून गाडी मोकळी सोडत. डिझेल वाचे, मालक खूश. चाचा मात्र खालच्या गिअरात, इंजिन कण्हत, बैलगाडीच्या चालीने उतरायचा. मी भांडून थकलो.

त्या दुपारी चाकणचा कांदा मुंबईला निघाला होता. कांद्याचा व्यापारी आणि मी, दोघेही चाचाशेजारी बसलो होतो. खंडाळ्याला, घाटाच्या तोंडाशी, चाचाने गाडी थांबवली. मागच्या चाकापाशी हात नेला आणि झटक्यात मागे घेतला.

"ब्रेक चिकटून तापलाय. खोलल्याबिगर उतरायचं न्हाई."

व्यापारी तडकला. मीही शिव्या दिल्या. चाचा इंजिन बंद करून रस्त्याकडेला बसला.

तेवढ्यात पिंपरीतल्याच दुसऱ्या मालकाची रिकामी गाडी मागून आली. व्यापाऱ्याने पोती तिच्यात चढवली आणि स्वतःही चढला.

"आता घरी नातवंडं खेळवा, चाचा!" तिचा तरणा ड्रायव्हर हसला.

चाचाने त्याचं दार धरलं. "बेटा, गिअर काढू नको. येवढंच ऐक."

"बरं, बरं. सोडा दार."

गाडी वळणाआड गेली. चाचा मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. तो आवाज एकाएकी बारीक झाला. नुसत्या चाकांची घरघर उरली, आणि ती वाढत गेली.

"काढला," चाचा म्हणाला, आणि उतारावरून धावत सुटला.

संध्याकाळी दोघांना दरीतून वर काढलं. जीव कुणातच नव्हता.

पिंपरीत काय बोललं गेलं माहीत आहे? म्हाताऱ्याची जीभ काळी! गिअर काढायला शिकवणारे मालकच हे बोलत होते. मी एकेकाशी भांडलो. आजही त्यांच्या दारात पाय ठेवत नाही.

चाचाच्या कानावर ते गेलंच. "तुमच्या धंद्याला माझं तोंड नको, शेठ," एवढं म्हणून तो पायीच देहूरोडच्या वाटेला लागला. मी पगार वाढवायची भाषा करत मागे गेलो. तो वळला नाही. ट्रकचा आवाज आला की रस्ता सोडून खाली गवतात उतरायचा, ट्रक दिसेनासा होईपर्यंत तोंड फिरवून तिथेच उभा राहायचा, आणि मग पुढचं पाऊल टाकायचा.