काळ्या रक्ताचा पाडा

ब्राह्मणपुरीच्या हिलाल पाटलाने जीवरसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हा गावाला वाटलं, पोरगा डॉक्टर झाला. सुटीत आला की ओसरीवर खोकणाऱ्यांची रांग लागायची. मी औषध देत नाही, रक्ताचा अभ्यास करतो, हे सांगून सांगून तो टेकीला आला आणि शेवटी त्याने गावी येणंच कमी केलं.

मुंबईच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं त्याने एकाच प्रश्नात घातली. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच शरीराला आतून गंजही चढवतो. मग रक्तातल्या तांबड्या पेशी तग कशा धरतात? काही माणसांत हा गंज अडवणारं द्रव्य जन्मतःच कमी असतं. एरवी ती ठणठणीत असतात, पण हिवतापाची एक विशिष्ट गोळी पोटात गेली की लघवी काळी होते आणि माणूस अंथरूण धरतो. सातपुड्यात अशी माणसं सापडतील असा हिलालचा होरा होता. तो वरिष्ठांच्या गळी उतरवण्यात चार वर्षं गेली, आणि १९६४ साली तो धडगावला पोचला तेव्हा उत्साह म्हणावा असं काही उरलं नव्हतं. घाटाच्या धक्क्यांनी कंबर तेवढी धरली होती.

तपासणी साधी होती. रक्तात आधी एक क्षार घालायचा, की ते तपकिरी होतं. मग एक निळं औषध घालून नळी तीन तास कोमट पाण्यात ठेवायची. निरोगी रक्त पुन्हा लाल होतं, ते द्रव्य उणं असलेलं तपकिरीच राहतं. त्या औषधाचं लांबलचक नाव मदतनीस उखाच्या जिभेवर बसेना, म्हणून हिलाल त्याला नुसतं 'नीळ' म्हणायचा. तिथेच घात झाला.

कुंड्यापाणी नावाच्या पाड्यावरच्या चौतीसच्या चौतीस नळ्या तपकिरी राहिल्या. दर खेपेला निरोगी म्हणून ठाऊक असलेल्या रक्ताची एक खात्रीची नळी लावायची असते. दमलेल्या हिलालने त्या दिवशी तिचा कंटाळा केला. असं गाव जगात कुठे नसेल, असं त्याने हर्षाने मुंबईला कळवलं आणि निबंधही धाडला. हिवताप खात्याच्या माणसाने यादीत शेरा मारला, 'काळं रक्त'. बाजाराच्या दिवशी तो शब्द धडगावात फिरला आणि महिन्याभरात पाड्याशी सोयरीक करायला कोणी तयार होईना. पाड्यावरच्या फुलीबाईच्या मुलाचं, आमशाचं, ठरलेलं लग्न मोडलं.

पुढे एकदा रिकामी बाटली धुताना उखा सहज बोलून गेला, "त्या पाडाना टाइमले नीळ सरी गयी व्हती साहेब. मी दुकानवरतीन आनी नि घोळीसन भरी ठी. तुमले तरास नको म्हनीसन."

संपलेल्या औषधाच्या जागी धोतरांना देतात ती नीळ. हिलालला रागावण्याचंही त्राण नव्हतं. नाव त्यानेच तर शिकवलं होतं. त्याने मुंबईला तार करून निबंध मागे घेतला, आणि चौदा वर्षांत हाती लागलेलं एकमेव मोठं काम गेलं. त्याचं दुःख होतंच, पण आमशाचं मोडलेलं लग्न त्याला जास्त टोचत होतं.

तो पुन्हा पाड्यावर गेला. चूक झाली, पुन्हा रक्त द्या म्हणाला. फुलीबाई म्हणाली, आधी तुझं रक्त काढ. त्याने काढलं. मग एकेक दंड पुढे आला. तीन तास सारा पाडा पातेल्याभोवती बसून होता. नळ्या लाल होत गेल्या. बायका हसू लागल्या.

एक तेवढी तपकिरीच राहिली. हिलालने नळीवरचा आकडा पाहिला. ती आमशाची होती.

फुलीबाईने तिच्या बोलीत काहीतरी विचारलं.

"ती इचारस," उखा म्हणाला, "मन्हा आंडोरनी नळी कोनती शे?"

हिलालने स्वतःची लाल नळी उचलून तिच्या हातात दिली. मग तपकिरी नळीवर बोट ठेवलं. "ही मन्ही शे. सांग तिले."

उखाला आकडे वाचता येत होते. त्याने एकदा हिलालकडे पाहिलं आणि तसंच्या तसं सांगितलं. वहीत हिलालने खरं तेच लिहिलं. आमशाला झाडाआड नेऊन, हिवतापाची ती गोळी जन्मात घेऊ नकोस, तुला मानवत नाही, असं तीनतीनदा बजावलं.

निघताना फुलीबाई आडवी आली. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. उखा घुटमळला.

"काय म्हनस ती?"

"म्हनस, मंग तुमनं लगन कशं व्हई?"

हिलाल पस्तिशीचा, अजून बिनलग्नाचा. फुलीबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तो तिथेच, सगळ्यांदेखत रडला.