निसरड्या वाटेचा नकाशा

उत्तरेकडच्या बर्फाळ ओउलू शहरातल्या विद्यापीठात वुओक्को नकाशे करायची. कुणी नद्यांची माहिती आणायचा, कुणी रोगांची. ती सगळी एका नकाशावर बसवायची. भांडण तिला सोसायचं नाही. आणि त्या हिवाळ्यात तीन भांडखोर तिच्याच वाट्याला आले.

शहरातली म्हातारी माणसं बर्फावर घसरून हाडं मोडून घेत होती. ती कुठे घसरतात, का घसरतात, हे शोधायचं होतं. नकाशावर सगळ्यात जास्त ठिपके एका सपाट रस्त्यावर उमटले.

"तिथे कुणी घसरू नये म्हणून आम्ही रोज बर्फावर खडी टाकतो!" रस्त्यांचा इंजिनियर ओस्मो भडकला. "तुमचे पेशंट काय हवेत घसरतात?"

"मी हाडं जोडतो बाबा, पदरच्या गोष्टी जोडत नाही," हाडांचे डॉक्टर पेन्टी म्हणाले.

"पडलेल्यांना कुणी विचारलंय?" समाजशास्त्राच्या लेम्पीने टोमणा मारला.

ओस्मो तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी लेम्पी वुओक्कोला घेऊन प्लास्टरमध्ये हात अडकलेल्या औने आजींकडे गेली.

"रस्त्यावर?" आजी फणकारल्या. "रस्त्यावर पडायला मी काय प्यायले होते? बसथांबा बागेच्या पलीकडे नेला ना मेल्यांनी! आता आम्ही सगळ्या बागेतून आडव्या जातो. बर्चच्या झाडाखालून उचललं मला."

वुओक्कोला आपलेच ठिपके आठवले. ॲम्ब्युलन्सच्या नोंदींत बरेच ठिपके बागेत होते. तिथे रस्ताच नाही, म्हणजे चूक असणार, असं ठरवून तिने ते शेजारच्या रस्त्यावर सरकवले होते. कुणालाही न विचारता.

पुढच्या बैठकीत तिने ते सांगून टाकलं. आता ओस्मो फाडून खाणार, असंच तिला वाटलं.

ओस्मोने मान खाजवली. "त्या पायवाटेवर आम्ही खडी टाकतच नाही. लोक तिथून जातात हे मलाही ठाऊक नव्हतं."

"आणि मी पेशंटला कधी विचारलं नाही, कुठे निघाला होतात म्हणून," डॉक्टर पुटपुटले.

लेम्पी टोमणा मारेल असं वाटलं होतं, पण तिने सगळ्यांना कॉफी ओतली.

त्याच आठवड्यात बागेतल्या वाटेवर खडी पडली. तिथे पडणाऱ्यांची संख्या हिवाळा संपेपर्यंत बरीच उतरली. भांडणं मात्र थांबली नाहीत. दर गुरुवारी उपाहारगृहात वाटाण्याचं सूप पुढ्यात घेऊन चौघं वाद घालायची, आणि त्यात वुओक्कोचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा.